कागदावरची परकी आई

हे अनामा, नमन तुला! तुला नाव नाही, म्हणून कोणत्याही नावाने हाक मारावी आणि तू वळून पाहावेस. हाक चुकली, उच्चार चुकला, दिशा चुकली, तरी तू ओ देतोस. ही तुझी थोरवी. माणसाला ही थोरवी कुठून यावी? माणूस एका नावाने वाढतो, एका गावाने ओळखला जातो, आणि हे जग सोडून गेल्यावरही त्याच नावागावाने बोलावले तरच पानावर येऊन बसतो. म्हणून हे अन्नब्रह्मा, वाढणाऱ्या हाताला बळ दे, बोलावणाऱ्या मुखाला शुद्धी दे. आणि एक मागणे अधिक: ज्याचा राग प्रेमातून उठतो, त्याच्या रागालाही तुझ्या दारात बसायला पाट दे. कारण ज्या माउलीची ही कथा, ती पहिल्या ओळीपासूनच रागावलेली आहे.

फ्यो बोकनिम तिचे नाव. वय एकसष्ट. ग्वांगजूतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सहाशे मुलांचा भात तिच्या हाताखालून उतरतो. मनगट जाड, आवाज जाड, पाठ ताठ. मुले तिला 'भाताची आजी' म्हणतात, आणि ताटात भात उरला असेल तर तिच्यासमोरून न जाता भिंतीच्या कडेने पळतात. अशी ही बोकनिम सणाच्या आदल्या दिवशी, जिथे रूळच संपतात त्या मोकफोच्या स्टेशनवर उतरली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि ओठ शिवल्यासारखे मिटलेले होते.

तिच्या मागून धाकटी बहीण एरान उतरली. सुवॉनमध्ये तिचे केस कापण्याचे दुकान. बोलणे कात्रीसारखेच सतत चालू. तिच्या मागून मधला भाऊ जोंगतेक, घरातला एकुलता मुलगा, देजॉनमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवणारा. त्याच्या हातात चाकांची पेटी होती आणि चेहऱ्यावर सुट्टीचे हसू.

"ताई, पिशवी दे इकडे."

"नको."

"जड आहे गं."

"माझीच आहे."

"दादा," एरान हळूच म्हणाली, "ग्वांगजूला गाडीत चढल्यापासून ती एवढंच बोललीय. तू नशीबवान आहेस. मला तर 'सरक' एवढंच मिळालं."

राग कशाचा, ते सांगायला हवे. दुसऱ्या दिवशी सोल्लाल होता, चांद्र वर्षाचा पहिला दिवस. त्या सकाळी घरोघर पितरांचे पान मांडतात. तांदळाच्या चकत्यांचे गरम सूप, धिरडी, मासे, फळे. पाठीमागे पितरांच्या नावाचा उभा कागद. थोरला मुलगा पेल्यात तांदळाची दारू ओततो, सारे घर जमिनीला डोके टेकवून दोनदा नमस्कार करते, मग तो कागद जाळतात. आई गेल्याला अकरा वर्षे झाली. अकरा वर्षे हे पान जोंगतेकच्या घरी मांडले गेले, आणि अकरा वर्षे बोकनिम आदल्या दिवशीच देजॉनला पोचून भावजयीच्या शेजारी तव्यापुढे बसली. यंदा मात्र पंधरा दिवस आधी भावाचा फोन आला. "ताई, यंदा पान नको. आपण तिघं फिरायला जाऊ. मोकफोला. सगळे हल्ली असंच करतात."

मोकफोला फिरायला! जिथे तिघांची नाळ पुरली, त्या गावात पाहुण्यासारखे फिरायला!

कारण विचारले, तेव्हा हळूहळू खरे बाहेर आले. भावजय म्हणाली होती, तीस वर्षे मी तुमच्या पितरांसाठी तव्यापुढे बसले, आणि तीस वर्षे माझ्या आईने सणाचे सूप एकटीने प्यायले. यंदा मी माझ्या आईकडे जाणार. आणि ती गेली.

"ती गेली ते उत्तम केलं," स्टेशनबाहेर थंड वाऱ्यात बोकनिमचे ओठ अखेर उघडले. "तिला मी चकार शब्द बोलणार नाही. पण तुझं काय? तुला हात नाहीत? ज्या हातांनी दिवसभर स्टिअरिंग फिरवतोस, त्या हातांनी एक धिरडं उलटता येत नाही?"

"ताई, लोक बघतायत."

"बघू दे. त्यांनाही सांगते."

"आईलाही थोडा बदल नको का?" जोंगतेक हसून म्हणाला. हे त्याने म्हणायला नको होते. बोकनिमने त्याच्याकडे अशी एक नजर टाकली की त्याच्या पेटीची चाकेसुद्धा थांबली.

मग फिरणे सुरू झाले. जोंगतेकने आखणी करून आणली होती; पहिला क्रमांक पाळण्याचा, जो तारेवरून डोंगर आणि समुद्र ओलांडतो. काचेच्या पाळण्यात तिघे गुडघ्याला गुडघा लावून बसले. खाली युदाल डोंगराचे उघडे खडक, त्यांच्या खाचांत साचलेले बर्फ, पलीकडे सणासाठी रंगीत झेंडे लावून बांधून ठेवलेल्या बोटी.

"तो बघ ताई, आपल्या जुन्या घराचा ओंगुमदोंगचा चढ! काय सुंदर दिसतोय!"

"मला तो चढ पाठ आहे. पाण्याच्या दोन बादल्या खांद्यावर घेऊन मी तो पायांनी वाचलाय. तू बघ, तिकीट काढून, वरून."

"ताई," एरान म्हणाली, "राग जरा पुरवून वापर. सुट्टी तीन दिवसांची आहे."

दुसरा क्रमांक होता धक्क्याजवळच्या एका कॉफीच्या दुकानाचा. पूर्वी ते जाळ्यांचे गोदाम होते. बाप समुद्रात गेला आणि आला नाही, तेव्हा जोंगतेक पाच वर्षांचा, एरान तान्ही. त्यानंतर आई याच गोदामात रोज जमिनीवर बसून बोटींची जाळी विणायची. हिवाळ्यात तिच्या बोटांना चिरा पडत, आणि नायलॉनचा दोर त्या चिरांतून फिरे. आता तिथे उंच खुर्च्या होत्या, आणि छतावरून एक जाळे शोभेसाठी सोडून त्यात पिवळे दिवे अडकवले होते. बोकनिमने हात वर करून जाळ्याची एक गाठ दोन बोटांत धरली, ओढली. गाठ सुटली.

"ही गाठ कुणी मारली?"

"अहो आजी, ते शोभेचं आहे," दुकानातली मुलगी म्हणाली.

"शोभेची असली म्हणून गाठ खोटी कशाला मारायची?" एवढे म्हणून तिने उभ्या उभ्याच ती गाठ पुन्हा मारली, आईची, दुहेरी. कॉफी तिने तोंडाला लावली नाही.

मासळीबाजारात मात्र ती जेवली. आंबवलेली पाखट मासळी नाकातून थेट टाळूपर्यंत चढते आणि डोळ्यांतून वाहू लागते. मोकफोच्या माणसाला ती नसेल तर सण सणासारखा वाटत नाही. तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आले. बोकनिमच्या डोळ्यांतले पाणी कशाचे, ते विचारायची दोघांची छाती झाली नाही.

"ओंगुमदोंगला कधी जायचं?" तिने तोंड पुसत विचारले.

जोंगतेक ताटाकडे पाहत म्हणाला, "तिथं काही उरलं नाही, ताई. घर पाडलं. चढ निसरडा झालाय. आणि उद्या मंदिराकडचा रस्ता ठरवलाय मी."

"आणि पान?"

"ताई..."

"मी विचारलं, पान?"

त्याने ताट पुढे सरकवले. तेव्हा बोकनिमने बाकाखालच्या आपल्या दोन पिशव्या पायाने पुढे ओढल्या आणि उघडून दाखवल्या. तांदळाच्या चकत्या, नासपती, बोरे, चेस्टनट, तांदळाच्या दारूची लहान बाटली, पितळी पेले, आणि कागदात गुंडाळलेले चार खारे सुके ढोमे मासे, प्रत्येकाचे तोंड अंगठ्याएवढे उघडे. "तू सुट्टी घेतलीस," ती म्हणाली. "आईने भूक सोडलेली नाही."

सणाची सकाळ उजाडली. लॉज चढाच्या पायथ्याशी होता, तिघांना मिळून एकच खोली, जमीन तापवलेली. लॉजवाल्या आजीबाईंनी एक बुटके टेबल आणि सुपाचे पातेले उसने दिले, वर टोमणाही दिला: "बरं झालं, कुणाला तरी आठवण आहे. वरच्या खोलीतले लोक आज पितरांना फोनवरून नमस्कार करतायत."

सूप उकळले, ढोमे शेगडीवर भाजले गेले, फळे रचली गेली. जोंगतेक शेवटी वरमला. "बरं, लहानसंच करू," म्हणत त्याने पेटीतून ब्रशपेन काढले, कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या कापल्या, फोनवर एक जुना फोटो उघडला आणि त्यात बघून अक्षरे उतरवू लागला.

आता ही गोष्ट लक्षात घ्यावी. देजॉनच्या घरी हा कागद बंद खोलीत लिहिला जाई. बोकनिम तेव्हा स्वयंपाकघरात असे. ती हात पुसून नमस्काराला येईपर्यंत कागद दूर, टेबलापलीकडे. आणि नमस्कार झाला की तो जळून जाई. अकरा वर्षांत तो कागद तिने जवळून कधी पाहिलाच नव्हता. पाहून तरी काय? त्यावर चिनी अक्षरे, आणि ती चौदाव्या वर्षी शाळेतून उठून सोलच्या शिलाईच्या कारखान्यात गेलेली. पण गेली तीन वर्षे दर मंगळवारी आणि गुरुवारी ती प्रौढांच्या वर्गात जाते. भाताची आजी पुढच्या बाकावर बसते, पेन्सिलीला टोक काढून. दर आठवड्याला पाच चिनी अक्षरे. मागच्याच महिन्यात पाणी झाले, नदी झाली, समुद्र झाला.

आज खोली एकच होती. ती भावाच्या खांद्याशी बसली होती.

बापाच्या कागदावर नाव नसतेच. साऱ्या देशात बापासाठी एकच मजकूर. आईच्या कागदावर मात्र तिच्या माहेरच्या कुळाचे गाव आणि आडनाव लिहितात. आई माहेरची किम, आणि किम आडनावाची माणसे देशात पोत्याने. कुठले किम, ते गावानेच कळते. जोंगतेकने गावाचे पहिले अक्षर काढले. दुसरे काढले. बोकनिमची नजर त्या दुसऱ्या अक्षरावर थांबली.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? आईचा कागद."

"हे अक्षर. हा समुद्र आहे."

"असेल."

"आईच्या गावाच्या नावात समुद्र कुठून आला?"

"ताई, सूप निवतंय."

"वाच."

"अगं..."

"वाच, जोंगतेक. मोठ्याने वाच."

जोंगतेकचा हात हवेत थांबला. ब्रशच्या टोकावरून शाईचा एक थेंब कागदावर पडला. "किम," तो म्हणाला. मग फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तेव्हा एरानने त्याच्या हातातला फोन घेतला, अक्षरांवर बोट ठेवून शोधले, आणि तिच्या बोलण्याची कात्री आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये थांबली.

"किम्हे," ती म्हणाली. "किम्हे गावचे किम."

आई योंगग्वांगची होती. तिघांनाही ते ठाऊक होते, आपला गुडघा कुठे आहे हे ठाऊक असावे तसे. दर हिवाळ्यात ढोमा भाजताना आई सांगे, आम्ही योंगग्वांगचे किम. आमच्या गावचा ढोमा राजाच्या ताटात जायचा, आणि बघा, राजाला काटे काढून द्यायला माणूस होता, तुम्हाला मी आहे. हे ज्याला ठाऊक नव्हते तो एकच होता: तो कागद.

"कुठून आणलंस हे?" बोकनिमचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली आला की शाळेतली सहाशे मुले गप्प होतात.

"आई गेली तेव्हा... अंत्यविधीच्या जागी भिंतीवर नमुना लावला होता. कसं लिहायचं त्याचा. आईसाठी अमुक, बापासाठी अमुक. किम हे अक्षर मला येत होतं, ते तिथं दिसलं. म्हटलं, हेच. तेव्हा डोकं ठिकाणावर कुठं होतं, ताई! मग फोटो काढून ठेवला. दर वेळी त्यातनंच..."

"चित्र काढल्यासारखं."

"हो."

"न वाचता."

"हो!"

बोकनिम उठली. "अकरा वर्षं. सोल्लालला एक, शरदाच्या पुनवेला एक, आईच्या तिथीला एक. तेहतीस पानं! तेहतीस वेळा मी दोन दिवस तव्यापुढं बसले. तेहतीस वेळा तुझ्या बायकोने माझ्या शेजारी बसून गुडघे झिजवले. तेहतीस वेळा तू पुढं उभा राहून, कोट घालून, गंभीर तोंड करून कुणाला बोलावलंस? सांग ना! माझ्या आईचे ढोमे कुणी खाल्ले?"

"किम्हेची कुणी किमबाई असेल, ताई," एरान रडवेल्या आवाजात म्हणाली. "एव्हाना चांगली गुटगुटीत झाली असेल बिचारी."

कोणी हसले नाही, एरानसुद्धा नाही.

"आणि माझी आई दाराबाहेर उभी!" बोकनिमचा आवाज आता भिंतीला धडकत होता. "वास येतोय, भांडी वाजतायत, मुलगा कुणा परकीला आई म्हणून नमस्कार घालतोय, आणि ती बाहेर उभी. तिचा स्वभाव ठाऊक आहे ना? ती आत येऊन 'माझं काय?' असं विचारणारी होती का? उरलं तर खाणारी बाई होती ती. अकरा वर्षं तिने म्हटलं असेल, असू दे, पोराला काम असेल."

हे शब्द जोंगतेकला लागले. इतके लागले की त्यालाही राग आला. सत्तावन्न वर्षांचा माणूस ताडकन उभा राहिला. "मग तू का नाही विचारलंस? एकीने तरी विचारलं? मुलगा आहे, त्याला येतंच, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात! आईनेही तेच, तूही तेच. कोट घातला की आलं सगळं! मला नाही येत, ताई. किम सोडलं तर त्यातलं एक अक्षर नाही येत. दर वेळी त्या कागदापुढं उभा राहताना मला धास्ती असते, कुणी वाच म्हणेल म्हणून. म्हणून यंदा नको म्हटलं. बायकोचं निमित्त झालं. झालं समाधान?"

बोकनिमने थेंब पडलेला तो कागद उचलून बाजूला ठेवला.

"मी चौदाव्या वर्षी मशीनवर बसले," बोकनिम सावकाश म्हणाली, एकेक शब्द पाटावर ठेवल्यासारखा. "आई म्हणाली, एकालाच शिकवता येईल, मुलाला शिकवू. मी म्हटलं, बरं. त्या शाळेत तू गेलास. मी गेले नाही. आणि आईचं गाव तुला लिहिता येत नाही! माझी शाळा घेऊन तू काय केलंस, जोंगतेक?"

जोंगतेकने मान खाली घातली. आणि त्याने मान खाली घातली म्हणून बोकनिमचा राग कमी झाला असे ज्याला वाटेल, त्याने या बाईला ओळखले नाही. तिने टेबलावरची फळे परत पिशवीत भरली. ढोमे कागदात गुंडाळले. टेबल उचलून पालथे डोक्यावर घेतले.

"पातेलं घे," ती भावाला म्हणाली. "सांडलंस तर बघ. एरान, पिशव्या. सकाळ सरायच्या आत पोचायचं."

"कुठं, ताई?"

"वर. या भाड्याच्या खोलीत आई कधी आली नाही, ती इथं कशी येईल? तिला तिचं दार ठाऊक आहे."

आणि त्या सणाच्या सकाळी ओंगुमदोंगच्या चढावर ही मिरवणूक निघाली. पुढे डोक्यावर टेबल घेतलेली बोकनिम, पाय आपटीत. मागे दोन फडक्यांत गरम पातेले धरून, श्वास रोखून चालणारा जोंगतेक. त्याच्या मागे पिशव्यांसह एरान, "दादा, डावीकडं बर्फ आहे, दादा, उजवीकडं पण आहे," असे सांगत. कोपऱ्याकोपऱ्यातल्या पायऱ्यांवर बर्फ पांढऱ्या राखेसारखे साचले होते. जुन्या भिंतींवर आता प्रवाशांसाठी चित्रे रंगवली होती. जिथे लोकांची धुणी वाळत, तिथे मोठाली फुले. एका फुलापुढे नवे कपडे घातलेले एक जोडपे फोन उंच धरून उभे होते आणि वाट अडली होती.

"आजी, एक मिनिट हं, एकच फोटो."

"बाजूला व्हा!" बोकनिम गरजली. "माझी आई अकरा वर्षं उपाशी आहे!"

जोडपे भिंतीला चिकटले. जोंगतेकने जाता जाता पातेल्यासकट वाकून त्यांची क्षमा मागितली.

घर खरोखरच नव्हते. त्या जागी कोणीतरी कांद्याची पात आणि कोबी लावला होता, वर पेंढा पसरला होता. पण उंबऱ्याचा दगड होता. मध्ये झिजलेला, लांबट. बाप याच दगडावरून शेवटचा उतरला. याच दगडावर बसून आई संध्याकाळी बोटी मोजायची आणि एक कमी भरली तरी रोज पुन्हा मोजायची. बोकनिमने बाहीने दगडावरचे बर्फ झाडले. टेबल दगडामागे, समुद्राकडे तोंड करून मांडले. ढोमे मांडले, फळे मांडली. पातेल्यातून वाफ निघत होती. सूप सांडले नव्हते.

जोंगतेकने खिशातून ब्रशपेन आणि कोरा कागद काढला. फोनही काढला. "योंगग्वांग कसं लिहितात ते शोधतो, ताई. या वेळी नीट..."

बोकनिमने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"आईला चिनी अक्षरं येत होती?"

"नाही."

"मग तू बरोबर लिहिलं असतंस तरी तिने वाचलं कसं असतं? तिला आपली साधी अक्षरं येत होती. तीसुद्धा का शिकली? कारखान्यातून मी पत्रं पाठवायची, शेजारणीकडून वाचून घ्यायची तिला लाज वाटायची. म्हणून एरानच्या पहिलीच्या पुस्तकातून, वयाच्या चाळिशीत, रात्री जाळं विणून झाल्यावर. तिला माझं अक्षर ओळखू येतं."

तिने दगडावर कागद ठेवला, गुडघे टेकले आणि लिहिले. सहाशे मुलांचा भात ढवळणारे मनगट, त्याला नाजूक अक्षर कुठून येणार? अक्षरे मोठी आली, एक दुसऱ्याला ढकलणारी, पण प्रत्येक अक्षर आपल्या पायांवर उभे होते:

*आई. किम जोमदान. योंगग्वांगचे किम. चढावरचे घर, निळे दार.*

ज्या नावाने तिला लहानपणी माहेरी हाक मारली, जे लग्नानंतर कोणी उच्चारले नाही आणि मेल्यावर कोणत्याही कागदावर चढले नाही, ते नाव त्या सकाळी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात उभे राहिले. एरानने तोंडावर हात ठेवला.

"आता तू," बोकनिमने ब्रश भावाकडे फिरवला. "बाबांचं लिही. नावानं. ते तरी येतं का?"

"येतं," जोंगतेक म्हणाला. आणि या वेळी त्याने ते न वाचता लिहिले नाही. एकेक अक्षर ओठांनी म्हणत लिहिले.

पेला भरायची वेळ आली. सवयीने जोंगतेकचा पाय पुढे पडला; तेहतीस पानांची सवय. मग तो थांबला. बाटली उचलून त्याने दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्यांना द्यावी तशी, मान लववून बहिणीपुढे धरली. बोकनिमने ती घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तिने आईवडिलांना स्वतःच्या हाताने पेला भरला, आणि तिघांनी गार मातीत डोके टेकून दोनदा नमस्कार केला. दुसऱ्या नमस्कारात ती बराच वेळ उठली नाही. खाली जेटीवर कोण्या बोटीचा भोंगा वाजला.

उठली तेव्हा तिच्या कपाळाला माती लागली होती आणि भुवया पुन्हा जुळलेल्या होत्या.

"एक वाटी आणखी काढ," ती एरानला म्हणाली.

"कुणाला?"

"त्या किम्हेवालीला. अकरा वर्षं हा माणूस तिला आई म्हणून जेवायला बोलावतोय. आजही आली असेल. आता तिला काय हाकलून द्यायचं? तिचं कुणी नसेल म्हणून तर इतकी वर्षं येत राहिली. पण टेबलावर नाही हं! तिकडं, कोबीच्या कडेला वाढ. आणि ढोमा नाही. ढोमा आईचा."

एरानने वाटीभर सूप वाफ निघत असतानाच वाफ्याच्या कडेला नेऊन ठेवले. थोडा वेळ थांबून बोकनिमच उठली, एका ढोम्याची शेपटी मोडली, आणि कोणी पाहत नाही असे समजून त्या वाटीत टाकून आली.

दोघांनीही पाहिले. दोघेही समुद्राकडे बघू लागले.

कागद जळून त्यांची राख कांद्याच्या पातीवर उडाली, मग तिघांनी त्याच उंबऱ्याजवळ बसून निवत चाललेले सूप प्यायले. बोकनिमने ढोम्याचा काटा काढून भावाच्या वाटीत मांस ठेवले, तोंडाने मात्र म्हणाली, "हे प्रेम समजू नकोस. मी अजून रागावलेली आहे. खाली गेल्यावर पातेलं तू घासायचंस. आणि पुढल्या वर्षी धिरडी तू घालायचीस, तुझ्या घरी, आदल्या दिवशी. तुझी बायको तिच्या आईकडं जाईल. कशी जात नाही ते मी बघते."

"मला जमणार नाही, ताई. फाटतील."

"फाटू दे. फाटलेलं आईने आयुष्यभर शिवलंय. आणि गुरुवारी वर्गाला जायचं. देजॉनमध्येही असे वर्ग आहेत, मी चौकशी केली आहे."

"कधी केलीस?"

"मघाशी. लॉजवर. तू पातेल्याला फडकी शोधत होतास तेव्हा."

एरान हसली आणि हसता हसता तिच्या नाकात सूप गेले.

हे अनामा, या बोकनिमला तू उदंड आयुष्य दे. तिच्या मनगटातला जोर कमी होऊ देऊ नकोस, आणि तिचा रागही कमी करू नकोस; तो राग ज्या घराला आहे, त्या घरातला कोणी दाराबाहेर उपाशी राहत नाही. जोंगतेकच्या तव्यावर धिरडी फाटोत आणि तरी गोड लागोत. एरानची जीभ कधी थकू नये. भावजयीला तिच्या आईशेजारी बसून गरम सूप लाभो. किम जोमदान योंगग्वांगवाली आपल्या लेकीचे अक्षर ओळखून दर वर्षी त्या दगडावरून आत येवो, आणि कोबीच्या कडेला बसणाऱ्या त्या परक्या माउलीलाही शेपटीचा का होईना, घास मिळत राहो. या घराच्या चुलीत विस्तव राहो, उंबऱ्यात पाय राहोत, आणि ज्याची त्याला हाक पोचो. तथास्तु.